विलिमकाकांचे खरे-खोटे आकडे

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विलिमकाका न्हाणीघरातून स्वयंपाकघराकडे एक आकडा ओरडायचे. "साडेसहा." कधी "सात", कधी "सहा पॉइंट आठ". झ्लाताकाकू तेव्हा कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवत असायची. आकडा ऐकला की ती "बरं" म्हणायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या दिवसाच्या चौकोनात, पेन्सिलीने तो लिहून ठेवायची. हा रक्तातल्या साखरेचा आकडा. आमच्याकडच्या मापात सहा-सात म्हणजे छान, दहाच्या वर गेला की काळजी, आणि चारच्या खाली घसरला की माणूसच कोसळतो.

आकडा खोटा असायचा. बोटाला सुई टोचून काका यंत्राकडे बघायचे तेव्हा तिथे चौदा असायचे, पंधरा असायचे, एकदा तर सतरा. मग ते तोंडावर पाणी मारायचे, पुसायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "साडेसहा." दोन वर्षं हे असंच चाललं.

विलिम हाबुश हा माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगायला हवं. आमच्या टेकडीवर तीन घरं लाकडी खेळणी करतात आणि त्यांत काकांचं काम उठून दिसतं. चाकांवरचा पक्षी, दांडा धरून ढकलला की पंख आपटत पुढे जाणारा, लहान घोडे, बोटभर उंचीच्या शिट्ट्या. पुरुष कोरतात आणि बायका रंगवतात, ही आमच्याकडची पिढ्यांची वाटणी. काकांच्या हातून एखाद्या पक्ष्याची मान किंचित जाड झाली, तर राजधानीतल्या, झाग्रेबच्या दुकानदाराला कळलं नसतं, पण काका तो पक्षी चुलीत घालायचे. लाकडाशी इतका प्रामाणिक असलेला माणूस बायकोशी रोज सकाळी खोटं बोलत होता, कारण तो घाबरला होता.

भीतीची सुरुवात शेजारच्या मियोच्या वाइनच्या तळघरात झाली.

अकरा नोव्हेंबरला, संत मार्तिनच्या दिवशी, द्राक्षाच्या नव्या रसाचा बाप्तिस्मा करायचा आणि त्यानंतरच त्याला वाइन म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. खरा पाद्री त्यात नसतो. गावातलाच कुणीतरी बिशप होतो. डोक्यावर पुठ्ठ्याची उंच टोपी, खांद्यावर जुना पडदा, हातात पळी. तो पिंपासमोर उभा राहून मोठ्या गांभीर्याने विचारतो, "हे रसा, तू पाण्याचा त्याग करतोस का?" आणि चाळीस माणसं रसाच्या वतीने ओरडतात, "करतो!" आमच्या टेकडीचा बिशप बावीस वर्षं विलिमकाकाच होते. त्यांचा आवाज असा, की ते गंमत करताहेत हे माहीत असूनही बायका नकळत हात जोडायच्या.

त्या वर्षी पाहुणे उशिरा आले. जेवणाचा हंस अजून भट्टीतच होता. जेवण आता येईल या हिशेबाने काकांनी इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि रिकाम्या पोटी एक पेला वाइनही झाली होती. विधी अर्ध्यावर असताना त्यांचे शब्द एकमेकांत अडकायला लागले. पाण्याऐवजी ते रसाला त्याच्या आईचा त्याग करायला सांगू लागले. लोक हसले. काकांनी पिंपाला मिठी मारली आणि हळूहळू खाली घसरले. लोक आणखी हसले. टाळ्या वाजल्या. मियो पोट धरून म्हणत होता, "बघा, बघा, असा बिशप रोमलाही मिळणार नाही!"

काकूने मात्र त्यांचं कपाळ पाहिलं. नोव्हेंबरच्या गार तळघरात ते घामाने निथळत होतं. तिने पोरांसाठी ठेवलेला गोड रसाचा जग उचलला, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोटघोट रस त्यांच्या तोंडात सोडला. दहा मिनिटांनी काका उठून बसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय, कशी वाटली मस्करी?"

बिचारे इतकंच बोलले. पुढच्या वर्षी गुडघा दुखतोय म्हणून त्यांनी टोपी दुसऱ्याला दिली. मियोच्या तळघरात जाणं थांबलं. मग गावातल्या खाणावळीत जाणं थांबलं, मग रविवारी चर्चनंतर अंगणात रेंगाळणंही. आणि कुणाला न सांगता त्यांनी इन्सुलिन टोचायच्या पेनावरचा डोसाचा आकडा अठरावरून दहावर आणला. साखर वर राहिली की निदान घसरणार तर नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हिशेब डोळ्याने चुकवला. वसंतात डाव्या डोळ्यापुढे काजळीसारखे ठिपके तरंगायला लागले. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की आत बारीक रक्तस्राव आहेत. साखर अशीच राहिली तर पुढच्या हिवाळ्यात कोरीवकाम विसरा. काकूने पर्समधून कॅलेंडरची पानं काढून टेबलावर पसरली. "अशीच म्हणजे कशी, बाई? हे बघा. साडेसहा, सात, साडेसहा."

डॉक्टरीणबाईंनी पानं पाहिली, मग तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्ताचा अहवाल पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "घरचं यंत्र बदला."

काकूने त्याच दिवशी नवं यंत्र घेतलं. काका नव्या यंत्रावर सोळा पाहून "साडेसहा" ओरडायला लागले.

पण डॉक्टरीणबाईंकडच्या नर्सबाईंना यंत्राचा दोष पटला नव्हता. पुढच्या खेपेला त्यांनी काकूला औषधांच्या रांगेत पाठवलं आणि काकांना विचारलं, "साखर घसरायची भीती वाटते का हो?" काका छताकडे बघत राहिले. मानसतज्ज्ञाकडे सात महिने जागा नव्हती. नर्सबाईंनी काकांचा फोन मागून घेतला आणि त्यात एका ॲपवरचा कार्यक्रम घालून दिला. मधुमेह असलेल्यांच्या मनासाठी, असं त्या म्हणाल्या. दर सोमवारी एक धडा, रोज संध्याकाळी एक प्रश्न, आणि गरज पडली तर झाग्रेबहून कुणीतरी फोन करेल.

"माझ्या मनाला काही झालेलं नाही," काका म्हणाले.

"मग लवकर संपेल," नर्सबाई म्हणाल्या.

रोज संध्याकाळी फोन किणकिणायचा आणि पडद्यावर पाच गोल यायचे, एक ते पाच. वर प्रश्न बारीक अक्षरात असायचा. चष्मा कार्यशाळेत आणि डोळ्यात काजळी, काका प्रश्न वाचतच नसत. वाचायचं काय त्यात? आमच्या शाळेत एक म्हणजे नापास आणि पाच म्हणजे उत्तम. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. कसे आहात विचारलंय, तर उत्तम आहोत. काका पाचवर बोट दाबायचे आणि जेवायला बसायचे. पहिल्या सोमवारचा धडाही त्यांनी असाच, न वाचता पडदा वर सरकवत सरकवत, संपवला.

नवव्या दिवशी कार्यशाळेत फोन वाजला.

"हाबुश साहेब, मी तेना. फोनमधल्या कार्यक्रमाकडून बोलतेय. वेळ आहे का?"

"काही विकत नकोय मला."

"मीही काही विकत नाहीये. तुमची रोजची उत्तरं बघून फोन केला."

"उत्तरं उत्तम आहेत. रोज पाच."

"पाच म्हणजे काय, असं तुम्हाला वाटतं?"

"बाई, तुम्ही शाळेत गेला होतात ना? पाच म्हणजे पाच. शाबासकी."

"प्रश्न वाचून दाखवू? 'साखरेच्या आजाराचं ओझं आज किती वाटलं?' एक म्हणजे अजिबात नाही. पाच म्हणजे असह्य." तिने थोडं थांबून पुढे सांगितलं, "नऊ दिवस तुम्ही आम्हाला असह्य होतंय म्हणून कळवताय. मला झोप लागेना."

"हे ज्याने बनवलं त्याला शाळेत घातलं नव्हतं काय?"

"परदेशातून आणून भाषांतर केलंय. तुमच्यासारखे आणखी चार निघालेत, सगळे हुशार विद्यार्थी." ती हसत होती, पण कामाची गोष्ट विसरली नव्हती. "बरं, आता प्रश्न कळला. आज किती?"

काकांच्या हातात अर्धा कोरलेला पक्षी होता. पंखांची खाच झाली होती, डोक्याला अजून आकार नव्हता. त्यांनी तो बाकावर ठेवला. खिडकीबाहेर काकू रंगवलेले पंख दोरीवर वाळत घालत होती, एक लाल, एक पिवळा, एक लाल. आता "एक" म्हणायचं आणि फोन ठेवायचा, इतकं सोपं होतं.

"पाच," काका म्हणाले.

तेना त्यानंतर चाळीस मिनिटं बोलली, म्हणजे खरं तर काकाच बोलले. फोन ठेवून ते बाहेर आले आणि दोरीच्या अलीकडे उभे राहिले.

"झ्लाता, ते सकाळचे आकडे खोटे आहेत."

"कुठले?"

"सगळे."

काकूने हातातला पंख दोरीला लावला. "नवीन यंत्रावरचे पण?"

"ते पण."

"मी ती पानं डॉक्टरीणबाईंपुढे पसरली होती, विलिम. छाती फुगवून पसरली होती. वेडी ठरले मी त्या बाईसमोर."

"हो."

"आणि कशापायी?"

काकांनी तेनाला जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं. पडायची भीती तेवढी नव्हती, माणूस पडतो. पण आपण खाली जातोय आणि चाळीस माणसं टाळ्या वाजवताहेत, तो आवाज त्यांना ऐकू येत होता, तोंडातून शब्द मात्र फुटत नव्हता. त्या दिवसापासून कुणीही टाळी वाजवली, टीव्हीवर जरी, तरी त्यांच्या पाठीला घाम यायचा.

काकू रागावलेलीच होती. ती घरात गेली, कॅलेंडर खिळ्यावरून काढून तिने सरळ सरपणात टाकलं. दुसऱ्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काका न्हाणीघरातून हळूच म्हणाले, "सोळा."

"ऐकू आलं नाही."

"सोळा!"

"बरं," काकू म्हणाली. तिने कॉफी ओतली.

धडे मग काकांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचले. सगळं काही त्यांना पटलं नाही. दर धडा संपला की पडद्यावर "शाब्बास, आणखी एक पाऊल!" असं यायचं, घोड्याच्या मानेवर थोपटल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे. श्वासाचा धडा त्यांनी दोनदा करून सोडून दिला. पण एक गोष्ट त्यांच्या हाताला लागली. कागदाचे दोन भाग करायचे. डावीकडे लिहायचं, काय होईल असं वाटलं. उजवीकडे, काय झालं. आणि भीतीची शिडी करायची: सगळ्यात सोपी भीती खालच्या पायरीवर, सगळ्यात मोठी वर. एकेक पायरी, घाई नाही.

फोनवर बोटाने टंकायचा काकांना कंटाळा. त्यांनी लिंडन झाडाच्या मऊ लाकडाची हातभर शिडी केली, सात पायऱ्यांची, आणि पायरीवर अडकेल असा बोटभर माणूस. काकूने त्याला निळी विजार रंगवली. शिडी कार्यशाळेच्या खिडकीत उभी राहिली. पहिली पायरी होती इन्सुलिनच्या पेनावर बाराचा आकडा लावून दुपारी एकट्याने लाकूड कापणं. डोस नर्सबाई ठरवायच्या, दर आठवड्याला दोन-दोनने वाढवत. साखर एकदम खाली आणू नका, डोळ्याला तेही सोसत नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

जूनमध्ये, चौथ्या पायरीवर असताना, ते खरंच घडलं. काका एकटे होते. पटाशी थरथरायला लागली, कानात पाणी शिरल्यासारखं झालं. यंत्रावर तीन पॉइंट चार. त्यांनी खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या चावल्या आणि घड्याळाकडे बघत तिपाईवर बसून राहिले. त्या संध्याकाळी डावीकडे त्यांनी लिहिलं: "पडेन, कुणाला कळणार नाही." उजवीकडे: "पंधरा मिनिटं बसलो. एका पक्ष्याची शेपटी वाया गेली."

काकूने तो कागद वाचला. ती म्हणाली, "शेपटी मला दे, शिट्टीला लावते."

पाचवी पायरी मियो होता. मियो काकांच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कुम म्हणायचे. दोन वर्षांत त्यांचं बोलणं कुंपणावरून हात हलवण्यापुरतं उरलं होतं. काका एका दुपारी त्याच्या द्राक्षमळ्यात गेले. मियो वेली बांधत होता.

"काय कुम, वाट चुकलास?"

"तुला एक विचारायचंय. त्या मार्तिनच्या दिवशी तू काय पाहिलंस?"

मियोने दोरीची गाठ सोडली, परत मारली. "सगळ्यांनी पाहिलं तेच."

"मी नाही पाहिलं. मी खाली होतो."

"टाळ्या मीच सुरू केल्या," मियो म्हणाला. "झालं समाधान? झ्लाताने रसाचा जग उचलला तेव्हा डोक्यात उजेड पडला. मागे पिंपांच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर यायची लाज वाटली. तू आलास आणि म्हणालास मस्करी केली. मी म्हटलं, चला, सुटलो."

"मला वाटलं, तुम्ही अजून हसताय."

"दोन वर्षं? कुम, आम्हाला दुसरे उद्योग आहेत." मियोने टोपी मागे सारली. "तो नवा बिशप काय रडका आहे रे. मागच्या वर्षी रसाला झोप लागली."

काका हसले. परत येऊन त्यांनी निळ्या विजारीचा माणूस एक पायरी वर चढवला. सप्टेंबरपर्यंत सकाळचे आकडे नऊ-दहावर आले, ऑक्टोबरात एकदा साडेसात. काकूने नवं कॅलेंडर आणलं होतं. त्यात ती आता पेनाने लिहायची.

नोव्हेंबरात मियोचं तळघर भरलं. या वेळी काकांनी आधी जेवण, मग विधी, अशी अट घातली होती, आणि मियोने हंस दुपारीच भट्टीत सारला होता. पुठ्ठ्याची टोपी काकांनी स्वतः केली. ते पिंपासमोर उभे राहिले तेव्हा बायका जागच्या जागी गप्प झाल्या. तोच आवाज होता.

"हे रसा, तू पाण्याचा त्याग करतोस का?"

"करतो!"

"सोडा वॉटरचा?"

"करतो!" एवढ्यात कुणीतरी मागून म्हणालं, "सोडा ज्याने त्याने आपापल्या हिशेबाने घालावा!"

पुढचं वाक्य काकांच्या ओठांवर होतं. ते थांबले. पळी खाली ठेवली. मी दाराशी होते, तिथूनही मला त्यांचा घामाने ओला गळा दिसला. खांद्यावरच्या जुन्या पडद्याच्या घडीतून त्यांनी यंत्र काढलं आणि चाळीस माणसांसमोर बोट टोचलं. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, नवा विनोद समजून. एकाने टाळी वाजवायला हात उचलले. मियो वळला आणि नुसता त्याच्याकडे बघत राहिला. हात खाली गेले.

"तीन पॉइंट आठ," काका म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. "जेवूनही घसरली. ही मस्करी नाही. मागे केली होती तीही नव्हती. बिशप दहा मिनिटं बसतील. रस बाप्तिस्म्याशिवाय दहा मिनिटं मरत नाही."

त्यांनी खिशातल्या गोळ्या चावल्या आणि उपड्या टोपलीवर बसले. तळघरात इतकी शांतता झाली की वर अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग काकाच म्हणाले, "अरे, मेलेलो नाही मी. बोला आपापसात." लोक बोलू लागले. पावसाविषयी, यंदाच्या द्राक्षांविषयी, कुणाच्या तरी ट्रॅक्टरविषयी. काकू भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली नाही. हात छातीवर घट्ट बांधून घड्याळाकडे बघत राहिली.

दहा मिनिटांनी पुन्हा बोट, पुन्हा आकडा. "पाच पॉइंट सहा." काका उठले, टोपी सरळ केली, पळी उचलली आणि जिथे थांबले होते तिथूनच पुढचं वाक्य उचललं. रसाने सैतानाचा आणि कर खात्याचाही त्याग केला. शेवटी टाळ्या झाल्या, खूप झाल्या. काकांची पाठ पिंपाला टेकली होती. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी ती तिथून हलवली नाही.

त्या रात्री फोनने विचारलं, ओझं किती. काकांनी चष्मा लावून प्रश्न नीट वाचला आणि दोनवर बोट ठेवलं.

जानेवारीत डोळ्याची तारीख होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवलं, मग भिंगातून पाहिलं, बराच वेळ. काकू खुर्चीच्या टोकावर बसली होती. या वेळी पर्समध्ये पानं नव्हती.

"नवीन रक्तस्राव नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुने विरताहेत. कोरीवकाम चालू आहे का?"

"रोज," काका म्हणाले.

"चालू द्या. सहा महिन्यांनी या."

बाहेर बर्फावर ऊन होतं. थेंबांमुळे काकांना सगळं पांढरं आणि धूसर दिसत होतं. काकूने दंडाला धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं, पट्टा लावला आणि वळसा घालून आपल्या जागी येऊन बसली. तिने किल्ली फिरवली, पण गाडी काढली नाही. काकांनी अंदाजाने तिचा स्टिअरिंगवरचा हात शोधला, त्यावर एकदा थोपटलं आणि म्हणाले,

"बाजारावरून घे गाडी. लाकडाचा सरस संपलाय, आणि तुझा तो पिवळा रंग पण."